डिलन आपली गाणी रेकॉर्डसारखी का गात नाही?

रामबाग_सात | शनिवार, रात्री १०.४०

परवा आमच्या गच्चीवर पाच-सहा जण ऐकायला जमलो होतो. पावसाची उघडीप होती, चहा झाला होता, स्पीकर कठड्यावर ठेवला होता. मी अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनचं 'टँगल्ड अप इन ब्लू' लावलं. आधी १९७५च्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'मधलं आणि पाठोपाठ १९८४च्या युरोप दौऱ्यातलं. दुसऱ्याची दोन कडवी झाली तरी माझ्या मावसभावाला हे तेच गाणं आहे असं वाटेना. शब्द फिरलेले, कडवी नवी, चालीचा फक्त सांगाडा शिल्लक. तो म्हणाला, "इतकं छान गाणं होतं, त्याची मोडतोड कशाला?" त्यावर रात्री बारापर्यंत वाद झाला. माझं म्हणणं तिथे नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

मला वाटतं, डिलनसाठी रेकॉर्ड म्हणजे त्या गाण्याची एक संध्याकाळ. आपण इंदूरचे मराठी लोक लहानपणापासून आई-वडिलांच्या मांडीवर बसून बैठकी ऐकत आलो. तीच बंदिश त्याच गायकाकडून दहादा ऐकतो आणि अकराव्यांदाही जातो, कारण आज तो तिचं काय करतो ते पाहायचं असतं. हातात गिटार आली की आपला हा कान कुठे जातो?

थोडं मागून सांगतो. हा माणूस २४ मे १९४१चा, मिनेसोटातल्या डुलुथ गावचा. मूळ नाव रॉबर्ट झिमरमन. वाढला हिबिंगला, लोखंडाच्या खाणींच्या गावात. शाळेत असताना बँड काढून पियानो बडवायचा. १९५९च्या शाळेच्या वार्षिकात त्याची महत्त्वाकांक्षा छापली आहे: लिटल रिचर्डच्या बँडमध्ये जाणे. त्याच वर्षी ३१ जानेवारीला डुलुथमध्ये त्यानं बडी हॉलीला समोर बसून ऐकलं आणि तीन दिवसांनी बडी हॉली विमान अपघातात गेला. ही गोष्ट त्याच्या मनात इतकी रुतली की नोबेलच्या व्याख्यानात त्यानं सुरुवात तिथूनच केली. म्हणजे रॉक-अँड-रोल त्याच्या अंगात आधीपासून होतं. लोकगीतं नंतर आली. लोकगायिका ओडेटाची रेकॉर्ड ऐकून त्यानं विजेची गिटार देऊन साधी गिटार घेतली आणि लोकगायक वूडी गथ्रीच्या गाण्यांनी झपाटून जानेवारी १९६१मध्ये न्यूयॉर्क गाठलं. गथ्री तेव्हा आजारी होते, रुग्णालयात होते. हा पोरगा त्यांच्यासमोर बसून त्यांचीच गाणी त्यांना म्हणून दाखवायचा.

आता चालींबद्दल. माझ्या आजोबांचं एक जुनं नाटकाचं पुस्तक घरात आहे. कडा तपकिरी झाल्यात, शिवण उसवली आहे. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात छापलंय, 'चाल:' आणि पुढे कुठल्यातरी आधीच्या पदाचं, लावणीचं किंवा कानडी गाण्याचं नाव. आजोबांनी तिथे पेन्सिलीनं पट्टी लिहून ठेवली आहे. त्या काळी याला चोरी कुणी म्हटलं नाही. चाल सगळ्यांची होती, पद ज्याचं त्याचं. डिलनचं सुरुवातीचं सगळं काम मला त्या पानांसारखं दिसतं. 'ब्लोइन इन द विंड'ची चाल गुलामगिरीच्या काळातल्या 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक'वरून आली आहे. 'मास्टर्स ऑफ वॉर'ची 'नॉटमन टाउन' या जुन्या गाण्यावरून. लंडनला मार्टिन कार्थीकडून 'स्कारबरो फेअर' ऐकलं आणि त्यातून 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' तयार झालं. मार्च १९६२च्या पहिल्या रेकॉर्डवर त्याची स्वतःची गाणी दोनच होती. मे १९६३च्या दुसऱ्या रेकॉर्डवर जवळजवळ सगळी स्वतःची, पण त्या शब्दांच्या पायाखाली जमीन जुनीच.

म्हणून २५ जुलै १९६५ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा त्यानं लोकसंगीत सोडलं, हे मला कधीच पटलं नाही. त्या दिवशी लोकांनी आरडाओरडा का केला, यावर साठ वर्षं वाद चालला आहे. कुणी म्हणतं विजेच्या गिटारीमुळे, कुणी म्हणतं तीनच गाणी झाली म्हणून. आवाज फाटत होता, शब्द ऐकू येत नव्हते, आणि लोकगायक पीट सीगर यांनी नंतर हेच सांगितलं की त्यांचा राग त्या फाटक्या आवाजावर होता. मला मात्र त्यानंतरची पाच मिनिटं महत्त्वाची वाटतात. तो एकटा, साधी गिटार घेऊन परत मंचावर आला. गाणं सुरू करायचं तर ई पट्टीची माउथऑर्गन जवळ नाही. त्यानं लोकांनाच विचारलं, कुणाकडे आहे का? आणि मंचावर माउथऑर्गन येऊन पडल्या. ज्यांनी नुकताच गोंधळ घातला होता त्यांच्याच खिशातलं वाद्य घेऊन तो 'मिस्टर टँबोरिन मॅन' गायला. नातं तुटलं असतं तर हे झालं असतं?

लिहा मंडळी. विरोधात असलात तर जास्त लिहा.

चोरल_घाट | शनिवार, रात्री ११.२५

विरोधात लिहितो.

बैठकीची तुलना मला अपुरी वाटते. बैठकीत रागाचं व्याकरण ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. गायक कुठे निघाला ते कळतं, समेवर आला की मान डोलते. बंदिशीचा मुखडा तो लपवत नाही, उलट दर आवर्तनाला दाखवतो. डिलन तर मुखडाच पुसून टाकतो. चाल बदलली, लय बदलली, शब्द बदलले, मग 'तेच गाणं' कशाच्या आधारावर म्हणायचं? ज्यानं वीस वर्षं एखादं गाणं जिवाशी धरलं, त्याला ते ओळखू येणं एवढी अपेक्षा रास्त आहे.

आणि प्रत्येक बदलाला खोल अर्थ लावायची घाई नको. १९७०चा 'सेल्फ पोर्ट्रेट' घ्या. दोन रेकॉर्डींचा संच, त्यात दुसऱ्यांची गाणी, जुन्या गाण्यांचे मंचावरचे सैल तुकडे. मी तीनदा नेटानं ऐकला. त्यात चार-पाच जागा फार गोड आहेत आणि बाकी पसारा आहे. मोठ्या कलावंताची प्रत्येक गोष्ट मोठी असते असं मानणं त्याच्यावरही अन्याय आहे.

शिप्राकाठ | रविवार, सकाळी ८.१०

मी गिटार शिकवते, म्हणून हाताच्या बाजूनं सांगते. रामबागदादांनी सुरुवातच 'टँगल्ड अप इन ब्लू'नं केली हे बरं केलं, कारण ते गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधीच बदललं होतं.

'ब्लड ऑन द ट्रॅक्स' आधी न्यूयॉर्कला सप्टेंबर १९७४मध्ये पूर्ण झाला होता. तिथे त्यानं गिटार वेगळी लावली होती. नेहमीच्या जुळवणीत सहा तारा मोकळ्या छेडल्या तर कानाला गोड असं काही निघत नाही. त्यानं तारा अशा लावल्या की मोकळ्या छेडल्या तरी पूर्ण मेजर कॉर्ड वाजावा. माझ्या मुलांना मी हे करून दाखवते: सहावी तार ई वरून डी वर उतरवा, तिसरी जी वरून एफ शार्पवर, दुसरी बी वरून ए वर, पहिली ई वरून डी वर. आता डाव्या हातानं काही न धरता वाजवा. तानपुऱ्यासारखी आस मिळते. खालची डी सारखी घुमत राहते आणि वरच्या तारांवर दोन बोटं सरकवली की गाण्याला पुरतं. या आसेवर माणूस ओरडू शकत नाही, हळूच बोलावंसं वाटतं. न्यूयॉर्कच्या त्या टेक्स ऐका, आवाज खाली आहे, जवळ बसून सांगितल्यासारखा.

मग डिसेंबरात तो मिनेसोटाला घरी गेला आणि मिनीआपोलिसमध्ये स्थानिक वादक गोळा करून दहापैकी पाच गाणी नव्यानं रेकॉर्ड केली. 'टँगल्ड' तिथे आधी जी मध्ये वाजवत होते. एका वादकानं सुचवलं, ए मध्ये घेऊन बघू. एका सुरानं पट्टी चढली आणि गाण्याचा स्वभावच पालटला. आवाजाला थोडं ताणावं लागतं, त्या ताणातून घाई येते, प्रवास येतो. रेकॉर्डची वेष्टनं तोवर छापून झाली होती, त्यामुळे त्या मिनिआपोलिसच्या वादकांची नावं त्यावर आलीच नाहीत. याचं मला अजून वाईट वाटतं.

तीच गोष्ट 'लाइक अ रोलिंग स्टोन'ची. १५ जून १९६५च्या पहिल्या प्रयत्नात ते तीन-तीनच्या लयीत आहे, आपल्या दादऱ्याच्या जवळचं. झोका आहे, पण धार नाही. दुसऱ्या दिवशी ते चारच्या ठेक्यात आलं. अल कूपर खरं तर गिटार वाजवणारा, तो हळूच ऑर्गनवर जाऊन बसला. बाकीचे कॉर्ड बदलतात आणि त्याचा ऑर्गन केसभर मागून येतो, कारण तो त्यांचे हात बघून वाजवतोय. ते मागून येणंच त्या गाण्याची ओळख झालं. सहा मिनिटांचं गाणं, रेडिओच्या दृष्टीनं दुप्पट लांब, तरी चाललं.

तर चोरलदादा, 'मूळ' गाणं यातलं कुठलं? दादऱ्यातलं की चारमधलं? मोकळ्या तारांच्या आसेवरचं की ए मधलं? मला वाटतं रेकॉर्डवर जे आलं तेच मूळ, ही आपली सवय आहे.

संजाबाई | रविवार, सकाळी ११.३०

माझं वय बहात्तर. स्नेहलतागंजात पन्नास वर्षं गेली. इंग्रजी गाणी मला कळत नाहीत, पण नातवानं हा धागा वाचून दाखवला आणि मग फोनवर ते 'हार्ड रेन' की काय ते लावलं. शब्द कळले नाहीत. तरी एक कळलं: दर कडव्याला आधी कुणीतरी काहीतरी विचारतंय आणि मग उत्तराची यादी वाढत वाढत चालली आहे. हे आमचं आहे हो! भोंडल्याची गाणी अशीच असतात. सासू विचारते, सून सांगते, आणि दर वेळी एक ओळ वाढते.

आमच्या वाड्यात मराठी मुली भोंडला करायच्या आणि शेजारच्या माळवी मुली पितृपक्षात संजा मांडायच्या. आम्ही दोन्हीकडे. ओल्या भिंतीवर शेणानं रोज नवी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, सोळाव्या दिवशी किलाकोट. गाण्याला सूर तीन किंवा चार, त्याच्यावर नाहीत. त्या चार सुरांत पोरी रोज नवे शब्द घालायच्या. कुणाचं लग्न ठरलं की ती दुसऱ्या दिवशी गाण्यात. कुणाची वही नव्हती. गेल्या वर्षीचं गाणं यंदा तसंच म्हटलं तर म्हणायचे, हिला नवीन काही सुचत नाही.

त्या बाबांचं प्रश्न-उत्तरांचं गाणं कशाबद्दल आहे ते कुणी मराठीत सांगेल का?

रामबाग_सात | रविवार, दुपारी २.०५

काकू, तुम्ही बरोबर जागेवर बोट ठेवलंत. त्या गाण्याचा साचा 'लॉर्ड रँडल' नावाच्या स्कॉटलंड-इंग्लंडकडच्या फार जुन्या कथागीताचा आहे. त्यात आई घरी परतलेल्या मुलाला विचारते, कुठे होतास, काय खाल्लंस, कुणाबरोबर खाल्लंस. दर उत्तरानंतर ऐकणाऱ्याला उमजत जातं की पोराला विष घातलं आहे. शेवटी तो म्हणतो, अंथरूण घाल, मला पडायचं आहे. डिलननं आईचे प्रश्न ठेवले: कुठे होतास, काय पाहिलंस, काय ऐकलंस, कोण भेटलं, आता काय करणार. उत्तरं मात्र त्याच्या काळाची आहेत, १९६२ची, अणुबॉम्बच्या धाकाची. त्या जुन्या गाण्यात विष एका मुलाच्या पोटात होतं. इथे ते सगळ्या जगात भिनलं आहे, हवेत, पाण्यात. आणि शेवटच्या प्रश्नाला तो मुलगा झोपायचं म्हणत नाही. परत त्याच रानात जाईन, जे पाहिलं ते सगळ्यांना दिसेल असं उभं राहून सांगेन, म्हणतो.

२०१६मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा तो स्वतः गेला नाही. गायिका पॅटी स्मिथ यांनी समारंभात हेच गाणं म्हटलं. मध्येच त्या शब्द विसरल्या, थांबल्या, माफी मागितली आणि त्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. मी ते जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा डोळे भरून येतात. ती यादीच इतकी लांब आणि जड आहे की माणूस तिच्यात हरवणारच.

काकू, तुमच्या चार सुरांच्या गोष्टीसाठी मनापासून आभार. माझ्या पानभर लिहिण्यात जे आलं नाही ते त्यात आलं.

देवास_नाका | रविवार, सायंकाळी ७.४५

माळव्यात बसून हा विषय चालला आणि कुमारजींचं नाव अजून आलं नाही, म्हणून मी आणतो.

कुमार गंधर्व १९४८च्या जानेवारीत देवासला आले ते क्षयरोग घेऊन. त्याआधी ते मुंबईतले चमकते गायक होते, लहान वयातच नावाजलेले. देवासला आल्यावर सुमारे पाच वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून ते काय ऐकत होते? रस्त्यानं जाणाऱ्या बायका, लग्नाची गाणी, भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजनं. काकू म्हणतात तसे तीन-चार सुरांचे तुकडे. त्या तुकड्यांतून त्यांना रागांची बीजं दिसली आणि धुनउगम राग आले, मालवती, लगनगंधार, सहेली तोडी. आधी त्यांचा श्वास लांब होता. आजारानंतर फुफ्फुसानं साथ दिली तेवढीच घ्यायची होती. मग लहान तान, अचानक झेप, मध्ये जागा. लोकांनी नाकं मुरडली, पण पुढे तीच त्यांची शैली म्हणून मानली गेली.

डिलनचाही आवाज असाच वाचून बघा. १९६१ला तो गथ्रीच्या आवाजात बोलतोय, वीस वर्षांचा पोरगा साठीच्या माणसासारखा. १९६५-६६ला नाकातून, शब्दाचं शेपूट लांबवत. १९६९च्या 'नॅशव्हिल स्कायलाइन'मध्ये एकदम गोल आणि मऊ, रेशमासारखा. कंट्री गायक जॉनी कॅशबरोबर गातो तिथे हाच का तो असं वाटतं. सिगारेट सोडली म्हणून असं झालं, असं त्यानंच सांगितलं होतं. १९७४च्या दौऱ्यात जवळजवळ ओरडतो. १९७९मध्ये ख्रिस्ताच्या भजनांत आवाज पूर्ण ताणून मोकळा. १९९७ला खडी वाजल्यासारखा. प्रत्येक आवाजाला वेगळं गाणं लागतं. जुनं गाणं नव्या आवाजात जसंच्या तसं घातलं तर दुसऱ्याचा अंगरखा घातल्यासारखं होईल. म्हणून तो गाणं उसवून पुन्हा शिवतो. मला यात हट्ट दिसत नाही, शरीराशी प्रामाणिकपणा दिसतो.

चोरल_घाट | रविवार, रात्री ९.१५

देवासदादा, कुमारजींबद्दल लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. पण दोघांना एका ओळीत बसवताना जपून. कुमारजींना आजारानं गप्प केलं होतं. ती पाच वर्षं त्यांनी मागून घेतली नव्हती. डिलनचा वुडस्टॉकजवळचा मोटारसायकल अपघात २९ जुलै १९६६चा. इजा किती झाली ते कधी नीट बाहेर आलं नाही आणि त्या धावपळीतून सुटायचं होतं, असं त्यानं स्वतःच नंतर लिहिलं आहे. एकाकडून गाणं हिरावलं गेलं, दुसऱ्यानं गर्दीपासून स्वतःला बाजूला काढलं. हा फरक मोठा आहे.

तरी त्या अपघातानंतरचं मला सगळ्यात जास्त आवडतं हे कबूल करतो. १९६७चा उन्हाळा, वेस्ट सॉगर्टीजचं एक गुलाबी घर, तळघरात पाच-सहा जण. रोज दुपारी जमायचं, जुनी गाणी म्हणायची, त्यातून नवी निघायची. बाहेर सगळं जग त्या वर्षी वाद्यांचे थरावर थर चढवत होतं आणि हे लोक खालच्या खोलीत हळू आवाजात वाजवत होते. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे १९७५मध्ये आलं. तोवर कॉप्यांवर कॉप्या फिरल्या. रामबाग यांच्या मताला इथे मात्र माझी संमती आहे. दुसऱ्या कुणासाठी गायचं नव्हतं तेव्हाही तो जुन्या गाण्यांकडेच गेला.

आणि शिप्राताई, 'मूळ कुठलं' याचं माझ्याकडे उत्तर नाही. दादऱ्यातलं ऐकलं आज दुपारी. विचार करतो आहे.

खजुरी_बाजार | सोमवार, सकाळी ९.००

वाचतोय, फार छान चाललंय. एक भर घालतो.

त्या तळघरानंतर डिसेंबर १९६७मध्ये 'जॉन वेस्ली हार्डिंग' आला. त्याचं मुखपृष्ठ मोठं करून बघा. करड्या रंगाचा साधा फोटो, मधे डिलन टोपी घालून, आणि त्याच्या दोन बाजूंना बंगालचे बाऊल, पूर्णदास आणि लक्ष्मणदास. ते तेव्हा वुडस्टॉककडे राहत होते. म्हणजे साठच्या दशकात अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला गाणारा स्वतःच्या रेकॉर्डवर कुणाबरोबर उभा राहिला? एकतारीवर दारोदार गाणाऱ्यांबरोबर. आपल्याकडच्या लेखांत १९७१च्या बांगलादेशच्या मदतीच्या कार्यक्रमाचा उल्लेख येतो, रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांच्याबरोबर तो तिथेही गायला, 'हार्ड रेन' तिथेही होतं. पण हा फोटो त्याआधीचा.

रामबाग_सात | सोमवार, रात्री १०.२०

खजुरी, हा फोटो मी शेकडो वेळा पाहिला आणि ती नावं मला चाळिशीत कळली. कॅसेटच्या डबीत तो फोटो टपाल तिकिटाएवढा असायचा, चेहरे दिसायचेच नाहीत.

चोरलभाऊ, 'सेल्फ पोर्ट्रेट'बद्दल आपलं एकमत आहे, पसाराच आहे तो. भजनांच्या काळाबद्दल मात्र मी भांडेन. नोव्हेंबर १९७९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला चौदा कार्यक्रम केले आणि त्यात एकही जुनं गाणं घेतलं नाही. लोक जुन्यासाठी ओरडत राहिले. श्रद्धा पटो न पटो, त्या महिन्यातलं त्याचं गाणं ऐका. मागे तिघींचा कोरस, ऑर्गन, आणि हा अक्षरशः घाम गाळून गातोय. १९६६मध्ये मँचेस्टरला प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला 'जूडास', म्हणजे येशूला दगा देणारा, म्हणून ओरडलं होतं, कारण हातात विजेची गिटार होती. तेरा वर्षांनी लोक चिडले, कारण तो येशूचं नाव घेत होता. दोन्ही वेळा तो पुढचं गाणं आणखी जोरात गायला.

पण माझ्या मनात घर करून राहिलेली वर्षं आहेत १९९२ आणि ९३. ऐंशीच्या दशकात त्याचे बरेच अल्बम विस्कळीत निघाले. ७ जून १९८८पासून सुरू झालेले दौरे चालू होते, पण नवीन लिहिणं आटलं होतं. तेव्हा त्यानं एकट्यानं गिटार आणि माउथऑर्गन घेऊन दोन रेकॉर्डी भरून फक्त जुनी, परंपरेतली गाणी म्हटली. 'गुड अ‍ॅज आय बीन टू यू' आणि 'वर्ल्ड गॉन राँग'. स्वतःचं एकही नाही. बावन्न वर्षांचा माणूस पुन्हा वीस वर्षांचा असताना जिथे बसला होता तिथे जाऊन बसला. आवाज फाटका, बोटं कधी घसरतात, तारेवर नख घासल्याचा आवाज येतो. ज्याची विहीर आटते तो गाळ काढतो, तसं आहे ते.

आणि चारच वर्षांनी पाणी लागलं. १९९७चा 'टाइम आउट ऑफ माइंड'. त्या वर्षी मे महिन्यात त्याला हृदयाभोवतीच्या संसर्गामुळे रुग्णालयात जावं लागलं, म्हणून सगळ्यांनी ती गाणी मरणाच्या दारातली मानली. पण ती जानेवारीतच रेकॉर्ड झाली होती. ती भीती आजारातून आलेली नाही, त्या जुन्या गाण्यांतून आली आहे, जिथे प्रत्येक दुसऱ्या कडव्यात कुणीतरी मरतं किंवा नदीपार जातं. २०१५ ते २०१७मध्ये त्यानं तीन अल्बममध्ये मिळून अमेरिकेची ५२ जुनी गाणी म्हटली, बहुतेक फ्रँक सिनात्रानं गाजवलेली. लोकांना कोडं पडलं. मला तोही गाळ काढणंच वाटलं. पाठोपाठ २०२०ला केनेडींच्या हत्येवरचं सतरा मिनिटांचं 'मर्डर मोस्ट फाउल' आलं. त्यात ठेका जवळपास नाहीच, पियानो आणि व्हायोलिनची आस आहे आणि वर एक म्हातारा एकामागून एक जुन्या गाण्यांची नावं घेत लावायला सांगतोय. संजाबाईंच्या भोंडल्याची यादी.

संजाबाई | मंगळवार, सकाळी १०.१०

नातवानं तो सतरा मिनिटांचा तुकडा लावला. मी भाजी निवडत ऐकला, पूर्ण. मध्ये उठले नाही. कीर्तनकार आख्यान लावतात तसं बोलतो तो, गाणं म्हणत नाही. त्याचा दम कुठे संपतो ते कळतं आणि तिथेच तो शब्द संपवतो.

देवास_नाका | मंगळवार, दुपारी १.३०

काकू, हे मी लिहून ठेवलं.

चोरल_घाट | मंगळवार, रात्री ८.५०

रामबागभाऊ, येत्या रविवारी परत जमा. मावसभावालाही बोलवा. 'टँगल्ड' क्रमानं लावा: न्यूयॉर्कचं, मिनीआपोलिसचं, मग १९८४चं, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. शिप्राताईंनी गिटार आणावी आणि सुरुवातीला ती मोकळ्या तारांची आस ऐकवावी, म्हणजे कान तयार होतील. पोहे माझ्याकडून. संजाकाकू, नातवाला सांगा, मी गाडी घेऊन स्नेहलतागंजात साडेआठला येतो. तुमचं ते चार सुरांचं गाणं तेवढं सगळ्यात आधी हवं आहे.

संजाबाई | मंगळवार, रात्री ९.३०

येते. पण जिना किती मजल्यांचा आहे ते आधी सांगा.

रामबाग_सात | मंगळवार, रात्री ९.३५

दोन मजले, काकू. पण या वेळी खाली अंगणात बसू.